सातबाऱ्यावर बहीण कुठे आहे?

चिरनेर म्हटलं की २५ सप्टेंबर १९३० आठवतो. अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले. नाग्या महादू कातकरी त्यांतला एक. आज त्याच चिरनेरसह १२४ गावांत नवं शहर उभारायचं काम एमएमआरडीएकडे दिलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. आता या पट्ट्यात गुंठ्याशिवाय दुसरं बोलणं नाही, आणि घरोघरी जुने फेरफार काढले जात आहेत.

आम्हीही काढले. आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक केलं, आणि भाताची ती खाचरं त्यांच्या नावावर झाली. चिखलात वाकून लावणी आजी करायची, पण कसणारा म्हणून नाव लागलं आजोबांचंच. आजोबा गेले तेव्हा आजी हयात नव्हती. पुढचा फेरफार वारसांचा: तीन मुलगे. दोन मुलींची नावं वर्दीत सांगितलीच नव्हती!

शरीयतप्रमाणे हिशेब अगदी सोपा आहे. आठ हिस्से, मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे पाव शेत माझ्या दोन फुफ्यांचं. मुसलमानांत एकत्र कुटुंबाची मालमत्ता असा प्रकारच नाही. मैयतीच्या क्षणी प्रत्येकाचा हिस्सा त्याचा होतो. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही.

यावर आपल्यातले शिकलेले भाऊ काय सांगतात? १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. खरं आहे. शेतजमीन तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत होती. मद्रासने १९४९ मध्ये ही सूट काढली, केरळने १९६३ मध्ये. आपल्याकडे तशा मागणीसाठी एखादा मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. १९८५ च्या शहाबानो निकालानंतर मात्र शरीयत वाचवायला आपण रस्ते भरून टाकले होते. कायद्याने शेत वगळलं असेल. सूरह निसाने कुठे वगळलं? तिथे तर आईबापांनी मागे ठेवलेलं थोडं असो की फार, बाईचा हिस्सा ठरलेलाच आहे.

'लग्नात दिलं की सगळं', 'हिस्सा मागितला तर माहेर तुटेल'. ही वाक्यं बांधापलीकडच्या आगरी घरातही ऐकू येतात. तिथे १९९४ चा राज्याचा आणि २००५ चा केंद्राचा कायदा होऊनही हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेतली जातेच. पण शेजारी हक्क मारतो म्हणून आपल्याला तो हलाल होतो काय? आणि हिस्सा मागितल्यावर जे तुटतं ते कसलं माहेर?

उद्या मोबदल्याची नोटीस येईल ती सातबाऱ्यावरच्या नावांना. तेव्हा त्याआधी तलाठ्याकडे जाऊन राहिलेल्या वारसांची नोंद करून घ्या. अर्ज भावाने करावा, बहिणीला करायला लावू नये. माझ्या थोरल्या फुफीने सत्तरी ओलांडली आहे. ईदला ती अजून त्याच शेताच्या तांदळाची पिशवी भेट म्हणून घेऊन जाते, आणि वर भावांना दुआ देते.