एमटीएचएफआर अहवाल आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची भीती

हल्ली काही जण जनुकीय चाचणीचा अहवाल घेऊनच तपासायला येतात. त्यात 'एमटीएचएफआर'समोर लाल खूण असते आणि प्रश्न असतो, "डॉक्टर, मला मल्टिपल स्क्लेरोसिस होणार का?" माझं मत आधीच सांगतो: केवळ या भीतीपोटी ही चाचणी करू नका, आणि केली असेल तर झोप उडवून घेऊ नका.

आधी हे प्रकरण समजून घेऊ. पालेभाज्या आणि डाळींतून मिळणारं फोलेट वापरण्याजोगं करायला शरीराला एक विकर लागतं. ते बनवण्याची सूचना एमटीएचएफआर जनुकात असते. या जनुकात ६७७ व्या जागी एका अक्षराचा फरक अनेकांत आढळतो. तो आई-वडील दोघांकडून आला, तर विकराचं काम साधारण ३० टक्क्यांवर येतं. आहारात फोलेटही कमी असेल, तर रक्तातलं होमोसिस्टीन वाढू शकतं.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. मायलिन राखायला फोलेट आणि बी-१२ ची साखळी लागते, म्हणून शास्त्रज्ञांना या जनुकाचा संशय येणं रास्तच होतं. पण वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत संबंध दिसला, काहींत नाही.

याउलट एचएलए-डीआरबी१ जनुकाचा १५:०१ हा प्रकार धोका सुमारे तिप्पट करतो. तरीही तो असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसलं, की एपस्टाईन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका ३२ पटीने वाढतो. धूम्रपान आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही वाटा आहे. विषाणू आपल्या हातात नाही, पण सिगारेट आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. अहवाल पाहून लोक मनानेच फोलेटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू करतात. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी-१२ ची कमतरता भरपूर आहे. अशा वेळी नुसतं फोलेट घेतलं तर रक्तक्षय सुधारतो, सगळं ठीक वाटतं, पण आतल्या आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं ही लक्षणं मल्टिपल स्क्लेरोसिससारखीच दिसतात. फरक इतकाच, की बी-१२ ची कमतरता साध्या रक्त तपासणीत कळते आणि वेळेत उपचार झाले तर बरीचशी भरून निघते.

म्हणून सांगतो, पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बी-१२ तपासा. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या भगिनींनी रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड या अहवालामुळे बंद करू नये. बाळाच्या मज्जासंस्थेसाठी ते आवश्यक आहे आणि हा जनुकीय फरक असला तरी ते उपयोगी पडतं. ज्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालेलं आहे, त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांचे उपचार सोडून जीवनसत्त्वांच्या मागे लागू नये.

आणि एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागलं, डोळा हलवताना दुखलं, किंवा हातापायातला बधिरपणा, अशक्तपणा दिवसभरानंतरही टिकला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तेव्हा जनुकांच्या अहवालाची वाट पाहू नका.