गाडी खाली, मान वर

'गरिबांनी गाड्या नटवण्यावर पैसे उधळायचे आणि वर अन्यायाच्या गप्पा मारायच्या!' लोरायडर गाड्यांबद्दल असे आपलेच काही मित्र बोलतात, म्हणून हे लिहावे लागते आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधले मेक्सिकन वंशाचे कष्टकरी तरुण जुन्या शेव्हरोले गाड्या घेत. गोऱ्या पोरांच्या हॉट रॉड वेगासाठी असत. यांनी बरोबर उलटे केले. डिकीत वाळूची पोती टाकायची, स्प्रिंगा कापायच्या, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची आणि व्हिटियर बुलेवार्डवरून बैलगाडीच्या चालीने मिरवायची. आम्हाला नीट बघा, एवढेच म्हणणे.

तेवढेही खपले नाही. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून कायदा लागू केला : गाडीत फेरफार करून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळाखाली गेला की गुन्हा. सुसाट जाणाऱ्यापेक्षा सावकाश जाणारा धोकादायक कसा? वरातीत नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड खाणाऱ्या समाजाला याचे उत्तर शोधावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले, बटण दाबले, गाडी वर. पोलीस गेले, गाडी खाली. आज जगभर ज्या उड्या मारणाऱ्या गाड्यांना टाळ्या पडतात, त्या तंत्राला या कायद्यानेच जोर दिला.

राहिला पैशाचा प्रश्न. पत्रा ठोकणे, रंग चढवणे, सीटा शिवणे हे कसब या माणसांच्या हातात होतेच. दिवसभर ते मालकासाठी राबे, रात्री गॅरेजमध्ये स्वतःसाठी. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी श्रीमंतांच्या व्हिंटेज रॅलीला कधी नाक मुरडले होते काय?

सगळे गोडवे गाण्यासारखे नाही. गाडीच्या बॉनेटवर तोकड्या कपड्यातली बाई बसवून फोटो छापण्याची रीत या संस्कृतीत वर्षानुवर्षे चालली. स्वाभिमान एकट्या पुरुषाचा नसतो, हे तिथेही सांगावे लागले.

हेसुस वालादेस यांची गुलाबांनी रंगवलेली १९६४ ची इम्पाला, 'जिप्सी रोज', २०१७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत राष्ट्रीय वारसा म्हणून मांडली गेली. तेव्हा तिच्या स्वतःच्या राज्यात १९५८ चा कायदा शाबूत होता आणि शहरांना असे मिरवणे बंद पाडण्याची मुभाही. दोन्ही रद्द व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडले.