आकाशकंदिलाच्या वर

गेल्या भाऊबीजेला घाटकोपरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याला कुणीतरी ड्रोन दिला होता. त्याने तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून मला आकडा दाखवला : २४९. "मामा, अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, लायसन्स लागत नाही," म्हणत तो गच्चीच्या जिन्याकडे पळाला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. चाकं बाहेर आलेली, उतरायच्या बेतात. मी त्याचा हात धरला.

भाचा खोटं बोलत नव्हता. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण ही सूट माणसाला आहे, आकाशाला नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंतचा भाग लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. ५ ते ८ पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारून. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश निघतात ते वेगळेच.

हे अंतर उगीच ठरलेलं नाही. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. दर किलोमीटरला पन्नासएक मीटर खाली. धावपट्टी दोन किलोमीटरवर असताना ते जेमतेम सव्वाशे मीटरवर असतं, आणि भाच्याचा ड्रोन तेवढा वर सहज जातो. एवढ्याशा वजनाने काय होतंय, असं मलाही वाटायचं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला असाच अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं, आणि आग भडकलेली असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर अडकलं.

हौसेवर बंदी नको, असंच माझं मत आहे. पोरांना आकाशाची ओढ असावी. तो ड्रोन पुढे थंडीत मुरबाडकडच्या माळावर उडाला. वरून दिसणारी भाताची खाचरं भाच्याने अजून जपून ठेवली आहेत. पण विकणाऱ्याने वजनासोबत हे अंतरही सांगायला हवं, आणि सोसायट्यांनी गच्चीच्या दारावर तशी पाटी लावायला हवी. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यावर उलवे-पनवेलच्या गच्च्यांनाही हे लागू आहे.

यंदा घरात ड्रोन आला असेल, तर खोकं फोडण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि आपली इमारत कुठल्या रंगात येते ते मुलांसोबत बसून बघा.