ही बातमी कोणाकडून आली?

मुलांनो, मराठीतला 'अफवा' आणि उर्दूतला 'अफवाह' हे एकच शब्द आहेत. दोन्ही अरबीतून आले. अरबीत 'अफवाह' म्हणजे 'तोंडे'. आता मात्र अफवा पसरवायला तोंड उघडावे लागत नाही. मोबाइलवर अंगठा टेकवला की काम झाले!

२०१८ साली आपल्या देशात मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली. तिच्याबरोबर एक चित्रफीतही फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याचे काळीज हलते. पण ही फीत कराचीची होती आणि त्यातले अपहरण खरे नव्हते. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे म्हणून 'रोशनी' नावाच्या संस्थेसाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला.

त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा समाज. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जण मरण पावले. माणूस परका आहे, त्याचा वेश आणि बोलण्याचा ढंग निराळा आहे, एवढे कारण संशयाला पुरले.

"दोष यंत्राचा नाही, माणसाचा आहे," असे पुष्कळ लोक म्हणतात. मला हे अर्धेच पटते. पूर्वी पत्र पाठवायचे तर कागद, पाकीट, तिकीट आणि टपालपेटीपर्यंतची पायपीट असे. तेवढ्यात राग निवत असे. फोनने हा वेळच काढून घेतला. कंपनीलाही हे दिसले असावे. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याचे बंधन आणले. पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूणही येऊ लागली. एप्रिल २०२० पासून पुष्कळदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

पण ती खूण संदेश फिरत आला एवढेच सांगते. तो प्रथम कोणी लिहिला, हे सांगत नाही. नवव्या शतकात इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी हदीस गोळा केल्या, तेव्हा प्रत्येक हदीसची सनद तपासली. हे कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले? तो विश्वासू होता का? दोघांची भेट तरी झाली होती का? साखळीतला एक दुवा निखळला तरी ती हदीस कमजोर मानली जाई. आपल्या फोनवर येते ते काय? 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे.' कोणत्या डॉक्टरांनी? त्यांचे गाव कोणते?

घरात मोबाइल तुम्हालाच जास्त कळतो. म्हणून दादी किंवा नानी तुम्हालाच म्हणतात, "बेटा, हे सगळ्यांना पाठव." त्यांना नाही म्हणणे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. पण "दादी, हे तुम्हाला कोणी पाठवले?" असे अदबीने विचारता येते. बहुधा उत्तर मिळते, "कोण जाणे, ग्रुपवर आले होते."