खेळाडू एक, बिलं तीन

ट्रान्सफर विंडोची शेवटची रात्र असली की हॉस्टेलवर कोणी लवकर झोपत नाही. सकाळी व्हायवा असली तरी नाही. फॅब्रिझिओ रोमानोचं ‘हिअर वी गो’ आलं की एका रूममध्ये जल्लोष आणि शेजारच्या रूममध्ये शिव्या! या शिव्या बहुतेक वेळा दोघांच्याच वाट्याला येतात. एक क्लबचा मालक, दुसरा एजंट. ‘पैशासाठी पोराला विकलं’ असं तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल. मीही म्हटलंय.

पण एजंटचं नेमकं चुकतं काय? तो बक्कळ कमावतो, एवढंच असेल तर चिडण्यासारखं काही नाही. खेळाडूही कमावतातच की. गोची दुसरीकडेच आहे आणि ती समजून घ्यायला पॉल पोग्बाची एक ट्रान्सफर पुरेशी आहे.

२०१२ मध्ये पोग्बा मँचेस्टर युनायटेड सोडून युव्हेंटसला गेला, तेव्हा युनायटेडच्या हाती जवळपास काहीच लागलं नाही. चार वर्षांनी त्याच पोग्बाला परत आणायला युनायटेडने साडेदहा कोटी युरो मोजले. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. दोन्ही वेळी एजंट एकच, मिनो रायोला. जन्म इटलीतला, पण वाढला नेदरलँड्सच्या हार्लेममध्ये, घरच्या रेस्टॉरंटमध्ये काम करत. झ्लाटान इब्राहिमोविच, बालोटेली, पुढे हालांड, सगळे त्याच्याकडे. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी तर पुस्तकात लिहूनच ठेवलंय की या माणसावर पहिल्या भेटीपासून आपला विश्वास बसला नाही.

२०१७ मध्ये ‘फुटबॉल लीक्स’च्या फुटलेल्या कागदपत्रांवरून जर्मन पत्रकारांनी या व्यवहाराचा हिशेब छापला. त्यानुसार रायोलाच्या वाट्याला एकूण ४ कोटी ९० लाख युरो येणार होते. विकणाऱ्या युव्हेंटसकडून २ कोटी ७० लाख, विकत घेणाऱ्या युनायटेडकडून १ कोटी ९४ लाख आणि खुद्द पोग्बाकडून २६ लाख. फिफाने चौकशी केली आणि युनायटेडला क्लीन चिट दिली.

आता पुण्यात रूम शोधतानाचा तुमचा ब्रोकर आठवा. तो तुमच्याकडून एक महिन्याचं भाडं घेतो, मालकाकडूनही घेतो. अशा वेळी ‘भाडं जरा कमी करा’ हे तो मालकाला किती जोर लावून सांगेल? इथे तर बिलं दोन नाहीत, तीन आहेत. आणि सगळ्यात छोटं बिल त्या माणसाच्या नावावर, ज्याच्या भल्यासाठी एजंट नेमला होता!

आणखी एक गणित करून बघा. फिफाच्या नियमानुसार ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के, ज्या क्लबांनी खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवलं त्यांच्यात वाटले जातात. साडेदहा कोटींचे ५ टक्के म्हणजे साडेबावन्न लाख युरो. तेही सगळ्यांत मिळून. कागदपत्रांतला आकडा धरला, तर एकट्या एजंटचा वाटा याच्या नऊपट होतो.

मग एजंट हवेतच कशाला? हे बोलायला सोपं आहे. एजंट नव्हते तेव्हाचा काळ काही सोन्याचा नव्हता. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडू कितीही मोठा असला, तरी आठवड्याला २० पौंडांच्या वर पगार देता येत नसे. करार संपला तरी क्लब त्याला अडकवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम याविरुद्ध कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये जिंकला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानचा करार १९९० मध्ये संपला, तरी जुन्या क्लबने सोडायचे पैसे मागितले. तो पाच वर्षं भांडला. १५ डिसेंबर १९९५ ला निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर त्याचं करिअर संपल्यात जमा होतं.

त्या निकालापासून करार संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि तिथेच एजंटचं नशीब उघडलं. फी वाचली की नवा क्लब हात सैल सोडतो. थोडे पैसे खेळाडूला, थोडे एजंटला. म्हणून कराराचं शेवटचं वर्ष आलं की एजंटचे फोन वाढतात.

पोर्तुगालच्या जॉर्ज मेंडेसने तर याच्या पुढची पायरी गाठली. २०१६ मध्ये वुल्व्ज विकत घेणाऱ्या चिनी फोसुन समूहाची मेंडेसच्या उद्योगात भागीदारी होती. पुढच्या वर्षी मॅनेजर म्हणून आला नुनो, मेंडेसचा सगळ्यात पहिला खेळाडू. मागोमाग पोर्तुगीज खेळाडूंची रांग. इतर क्लबांनी तक्रारी केल्या. लीगने तपासलं आणि नियम मोडला नाही असं सांगितलं. मला नेमकं हेच खटकतं. दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला, तरी तो नियमात बसतो.

मधला माणूस गाळणारेही आहेत. २०२१ मध्ये केविन डी ब्रॉयनने मँचेस्टर सिटीशी नवा करार स्वतःच केला. वडील सोबत, वकील सोबत आणि आपल्या खेळाची किंमत सांगणारा डेटा अॅनालिस्टांचा रिपोर्ट हातात. मस्त! पण तो डी ब्रॉयन होता. सेनेगलमधल्या किंवा आपल्या गोव्यातल्या सतरा वर्षांच्या पोराकडे असा रिपोर्ट कुठून येणार? समोर इंग्रजी कागद ठेवला की तो सही करणार. त्याला एजंट लागतोच. फक्त तो त्याचा एकट्याचा असावा लागतो.

फिफाने २०२३ मध्ये नवे नियम आणले. परीक्षा देऊन लायसन्स, खेळाडूच्या एजंटला पगाराच्या ५ टक्के, २ लाख डॉलर्सच्या वरच्या पगारावर ३ टक्के आणि तिन्ही बाजूंकडून पैसे घेणं बंद. मोठे एजंट कोर्टात गेले. जर्मनीच्या कोर्टाने स्थगिती दिली, इंग्लंडमध्ये लवादाने कमिशनची मर्यादा बेकायदा ठरवली. शेवटी ३० डिसेंबर २०२३ ला, युरोपच्या कोर्टाचा निकाल येईपर्यंत, फिफाने कमिशनच्या मर्यादेसह यातले कळीचे नियम जगभर थांबवले. त्या एका वर्षात आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये क्लबांनी एजंटांना ८८ कोटी ८० लाख डॉलर्स दिले होते.

स्पोर्ट्स मॅनेजमेंट करून एजंट व्हायचं डोक्यात असलेले काही जण हे वाचत असतील. तुमच्या माहितीसाठी, लायसन्सची ती परीक्षा २० प्रश्नांची, एका तासाची आणि पुस्तक उघडून देता येते. पासिंग ७५ टक्क्यांना. एप्रिल २०२३ मध्ये पहिल्यांदा झाली, तेव्हा जवळपास निम्मे नापास झाले.