आपलाच दाखला, आपलीच सही

वागणुकीचा दाखला दुसऱ्याकडून आणायचा असतो, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ‘मी सद्वर्तनी आहे’ असे लिहून खाली स्वतःच सही ठोकणारा गृहस्थ खरोखरच सज्जन असेल. पण हेडक्लार्क त्याच्याकडे चष्म्यावरून पाहणारच! संगणकातला ब्राउझर हा असाच हेडक्लार्क आहे. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ ही पाटी त्याने पुढे धरली की घरात घबराट उडते. वास्तविक पलीकडचा चोर आहे असे तो म्हणत नाही. त्याच्यासाठी जामीन राहणारे माझ्या ओळखीचे कोणी नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

मग करावे काय? प्रथम संगणकाची तारीख पाहावी. ती चुकली असेल, तर चांगला दाखलाही मुदत संपलेला भासतो. मग पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. दार एकाचे आणि दाखला दुसऱ्याच्या नावाचा, असेही होते. तरीही पाटी हटली नाही, तर दार कोणाचे ते पाहावे. घरच्या राउटरचे सेटिंगचे पान उघडताना ती आली, तर बहुधा ते यंत्र आपला दाखला आपणच लिहिते. आपण घरच्याच वाय-फायवर आहोत आणि पत्ता राउटरचाच आहे, ही खात्री करून पुढे जावे. बँकेच्या दारी मात्र पासवर्ड न लिहिता मागे फिरावे.

‘पण मजकूर गुप्त लिपीतच जातो ना?’ असे चिरंजीव विचारतील. जातो. पण कुजबुजताना कान कोणाचा, हे ठाऊक नको का?

जामीनही कधी फसतो. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या दाखले देणाऱ्या संस्थेच्या संगणकांत शिरून कोणी गूगलच्या नावाचा खोटा दाखला काढला आणि तो इराणमधील लोकांवर चालवला. ब्राउझरांनी त्या संस्थेचे नाव यादीतून खोडले आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले. पत गेली की दुकान गेले!

दिवाळीच्या खरेदीत एखाद्या दुकानाच्या दारी ही पाटी दिसली, तर सवलतीला भुलू नये. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून असे दाखले फुकट देते. ज्याने तेवढेही केले नाही, त्याला आपल्या कार्डाचा नंबर सांगण्याची घाई कशाला?