इंजिन कुणाचे?

ओझरच्या बाजूने विमानाचा आवाज आला की आम्ही नाशिककर अजूनही मान वर करतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, मिग विमानांसाठी तिथे कारखाना आला. हात आपल्या कामगारांचे, घामही त्यांचाच. आराखडा मात्र सोव्हिएत रशियाचा. १९९१ साली तो देशच फुटला आणि सुट्या भागांसाठी आपली ओढाताण झाली.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस मार्क-१ए झेपावले. आम्हाला आनंद झाला. पण इंजिन अमेरिकेचे! ८३ विमानांची मागणी २०२१ साली नोंदवली. त्यांच्यासाठीचे पहिले इंजिन हाती आले मार्च २०२५ मध्ये. १९८९ साली मंजूर झालेले आपले कावेरी इंजिन तेजसला कमी पडले होते. मग वाट पाहण्यावाचून दुसरा इलाज कोणता?

श्रीमंत युरोपचीही हीच गत. १९४९ च्या नाटो करारापासून त्यांची भिस्त अमेरिकेवर. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत काही दिवस रोखली, तेव्हा त्यांची झोप उडाली. आता ते स्वतःच्या संरक्षणावर जास्त पैसा घालू लागले आहेत.

दोष रशियाला किंवा अमेरिकेला देऊन काय उपयोग? जो तो आपले हित पाहणारच. आपली मुले आयटीआय करून नट-बोल्ट आवळतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण इंजिनाचा आराखडा काढणारी मुलगीही आपल्याच वस्तीतून निघाली पाहिजे. आईबापांनो, तिची शाळा दहावीला थांबवू नका.